जिद्दीवर सगळा भार टाकू नका

“मनावर घेतलंस तर चालशील!” मणक्याला मार बसून कंबरेखालचं शरीर लुळं पडलेल्या माणसाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण हे ऐकवून जातो. त्यामागे माया असते, हे मान्य. खचलेला माणूस व्यायामाला तयार होत नाही, हेही खरं. मज्जारज्जूची इजा अर्धवट असेल, तर नेटाच्या व्यायामाने काहीजण पुन्हा चालूही लागतात. तरीही हा धीर मला घातक वाटतो. पूर्ण निकामी झालेला मज्जारज्जू पुन्हा सांधणं आजच्या वैद्यकाला जमलेलं नाही. अशा वेळी मनोबलाचा हवाला देणं म्हणजे न चालण्याचा दोष त्या माणसाच्याच माथी मारणं. तो महिनोन्‌महिने पायांच्या हालचालीची वाट पाहतो आणि तोवर खांदे, कातडी, मूत्रपिंडं यांची हेळसांड होते.

जिद्दीची बाजू मांडणारे मुरलीकांत पेटकरांचा दाखला देतात. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आल्यापासून तर हमखास. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली अधू झाला आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याची शर्यत 37.33 सेकंदांत जिंकून सुवर्णपदक घेऊन आला. त्यांची जिद्द अफाटच. पण मधली सात वर्षं का गाळायची? पोहणं त्यांच्याकडे आलं ते उपचाराचा भाग म्हणून. लष्कराचं रुग्णालय पाठीशी होतं, पुढे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांची मदत मिळाली.

त्याआधीचा इतिहास तर आणखी बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे बहुतेक जखमी बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. त्या तरुण सैनिकांना जगण्याची इच्छा नव्हती, असं कोण म्हणेल? 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायला लावली, लघवीच्या मार्गाची कडक निगा ठेवली आणि माणसं जगू लागली. मग गटमन यांनी या रुग्णांच्या हाती धनुष्यबाण दिले. 1948 साली तिथे झालेल्या तिरंदाजीच्या स्पर्धेतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

बळ परत येतं ते असं, रोजच्या कामातून. दंड आणि खांदे कमावायचे, कारण आता खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर तेच नेणार असतात. बसल्या जागी थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन बूड उचलायचं, नाहीतर संवेदना नसलेल्या कातडीला कधी जखम झाली ते कळतही नाही. आरशात पाठ-कुल्ले तपासायचे. ठरल्या वेळी लघवीसाठी स्वतःच्या हाताने कॅथेटर घालायचा. या शेवटच्या गोष्टीबद्दल आपण बोलायला लाजतो. पण कपडे ओले होणार नाहीत ही खात्री झाल्याशिवाय माणूस लग्नकार्याला जात नाही, नोकरीचं तर नावच नको. कुणाला न बोलावता तो पहिल्यांदा एकटा खुर्चीत सरकतो, तेव्हा त्याच्या आवाजातला फरक घरच्यांना ऐकू येतो.

खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये 1974पासून जखमी जवानांना आपल्यासारख्यांची सोबत आणि असा सराव मिळतो. नारळाच्या झाडावरून पडलेल्या मजुराला किंवा दुचाकीवरून फेकल्या गेलेल्या पोराला तो का मिळू नये? शस्त्रक्रिया झाली, टाके काढले, की कित्येकांची घरी रवानगी होते. कूस कशी बदलायची, कॅथेटर कसा घालायचा, हे रुग्णाला आणि घरच्यांना हाताने करून येईपर्यंत कुठल्याही जिल्हा रुग्णालयाने त्याला घरी सोडू नये. आणि शिकवणाऱ्यांत एकजण तरी स्वतः व्हीलचेअरवरचा, पगारी नेमलेला असावा.