मनाच्या आजारात शरीराची हेळसांड

स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षे आधी मरण पावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यांतील बहुतेकांचा बळी हृदयविकार, मधुमेह, श्वसनविकार असे नेहमीचेच आजार घेतात.

ओलान्झापिन, क्लोझापिन अशा औषधांनी भ्रम आवरतात, पण वजन आणि रक्तातील साखर वाढू शकते. (म्हणून ती परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून तपासणी करून घ्यावी.) शिवाय अशा रुग्णाने छातीत दुखते म्हटले, तर ‘त्याला भास होतात’ म्हणून घरचे आणि कधी कधी डॉक्टरही दुर्लक्ष करतात. हा अन्याय आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला शारीरिक रुग्णाइतकीच समान वागणूक मिळण्याचा हक्क दिला आहे.

आपल्या भागातील अडचण वेगळीच. मनाच्या उपचारांसाठी १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय. साखर आणि रक्तदाबासाठी उल्हासनगरचे मध्यवर्ती किंवा अंबरनाथचे छाया रुग्णालय. केसपेपर दोन, आणि ते एकत्र वाचणारा कोणी नाही. बदलापूरहून गर्दीच्या लोकलने जाताना गोंधळलेला रुग्ण अर्ध्या वाटेतून परतला, तर नवल ते काय?

येथे उपयोगी पडतो समदुःखी सोबती, म्हणजे त्याच आजारातून सावरलेला माणूस. तो दोन्ही केसपेपर सांभाळतो, रांगेत सोबत उभा राहतो, संध्याकाळी फिरायला नेतो. ‘मलाही ही भीती वाटत असे’ हे त्याचे वाक्य रुग्णाला पटते. आपला उपदेश पटत नाही. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभारलेल्या ‘सा’ या संस्थेने रुग्ण व कुटुंबीयांचे स्वमदत गट चालविले. ख्रिस्तसभेलाही ही वाट नवी नाही. सोळाव्या शतकात ग्रानाडाच्या इस्पितळात वेडा ठरवून डांबलेले संत जॉन ऑफ गॉड बाहेर पडल्यावर रुग्णसेवेतच रमले.

अर्थात सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे. त्याला थोडे प्रशिक्षण हवे, प्रवासखर्च हवा, आणि रुग्णाचे नाव चर्चच्या अंगणात चघळले जाणार नाही याची हमी हवी. खर्चाचा भार धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेसारख्या सेवागटांना उचलता येईल. गुप्ततेचे मात्र ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनापूर्वीच धर्मगुरूंनी आणि गटप्रमुखांनी एकत्र बसून ठरवावे.