बसणारा टायर आणि योग्य टायर

मोटारगाडी ही एके काळी श्रीमंतीची खूण होती. आज जुनी सेडान ही मध्यमवर्गीय काटकसरीची खूण झाली आहे. दहाबारा वर्षे वापरलेली गाडी विकत घेणारा शिक्षक वा कारकून इंजिनाचा आवाज ऐकतो, पत्रा कुठे गंजला आहे ते पाहतो, कागदपत्रे तपासतो. टायरकडे त्याचे लक्ष जाते ते झीज किती झाली एवढ्यापुरतेच. पुढे टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे दुकानदाराला तो एकच प्रश्न विचारतो : या गाडीला कोणता टायर बसेल? सारा घोटाळा या ‘बसेल’ शब्दात आहे. रिमवर चढतो तो टायर बसतो हे खरे. परंतु बसणारा प्रत्येक टायर योग्य असतोच असे नाही.

टायरच्या बाजूवर कोरलेले अंक ही काही गूढ विद्या नव्हे. ‘१६५/८० आर १४’ याचा अर्थ टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १४ इंच. त्यापुढील ‘८५ टी’ यातील ८५ हा भारांक एका टायरने ५१५ किलोपर्यंत भार पेलावा असे सांगतो, तर ‘टी’ हे अक्षर ताशी १९० किलोमीटर ही वेगमर्यादा दर्शवते. त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही यावरून चाकाचा एकूण व्यास काढता येतो.

उदाहरणार्थ, २००८ मध्ये बाजारात आलेली मारुती स्विफ्ट डिझायर घ्या. तिच्या साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ हा टायर होता, तर महागड्या प्रकाराला १८५/७० आर १४. पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा सुमारे ६१५. रुंदी वाढली तशी उंचीची टक्केवारी कमी केली, म्हणून व्यास जवळजवळ तोच राहिला. आता दुकानात १८५/७० शिल्लक नाही म्हणून ‘१८५ चाच आहे, १४ चाच आहे’ असे सांगून १८५/६० आर १४ गळ्यात मारला, तर तो बसेल. पण त्याचा व्यास भरतो अवघा ५७८ मिलिमीटर. साध्या प्रकाराच्या मूळ टायरहून तो ४२ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ ७ टक्क्यांनी लहान आहे.

या ७ टक्क्यांची किंमत अनेक खात्यांवर पडते. गाडी जमिनीकडे २१ मिलिमीटरने खाली येते आणि आपल्याकडील गतिरोधक तिच्या पोटाला घासू लागतात. ताशी ६० च्या खऱ्या वेगाला काटा ६४ दाखवतो. प्रत्यक्षात १०० किलोमीटर धावलेल्या गाडीच्या मीटरवर १०७ ची नोंद होते. मालक मात्र खूश असतो, कारण त्याच्या हिशेबात गाडीचे ॲव्हरेज सुधारलेले असते! पेट्रोल वाचलेले नसते. मोजपट्टीच आखूड झालेली असते. उलट, मूळ मापाहून मोठा टायर चढवला तर काटा कमी वेग दाखवतो आणि चालक स्वतःच्या नकळत अधिक वेगाने जातो. भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासतो, ते वेगळेच. सर्वांत घातक चूक भारांकाची. ८५ ऐवजी ८० भारांकाचा टायर घेतला तर प्रत्येक चाकामागे ६५ किलोंची, चार चाकांमागे २६० किलोंची क्षमता घटते. लग्नाला निघालेले कुटुंब आणि त्याचे सामान हा हिशेब करून गाडीत बसत नाही.

गाडी अधिक जुनी असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. प्रीमियर पद्मिनीच्या चाकावर ५.२०-१४ आणि अँबॅसडरच्या चाकावर ५.९०-१५ असे इंचांतले माप असे. त्यात उंचीची टक्केवारी लिहिलेलीच नाही. ते नायलॉन टायर, ट्यूबसह वापरावयाचे. त्यांच्या जागी रेडियल घेताना केवळ रिमचा आकडा जुळवून भागत नाही, आणि एकाच आसावर एक नायलॉन व एक रेडियल टायर लावणे तर अपघाताला आमंत्रणच होय. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या टॅक्सीचे आयुष्यही २०२३ च्या ऑक्टोबरात संपले. ज्या मापाला मागणी उरत नाही त्याचा माल दुकानात पडून राहतो, आणि पडून राहिलेले रबर कडक होत जाते. टायरवरील चार अंकी शिक्का ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी कोरी दिसते म्हणून टायर नवा समजणाऱ्या ग्राहकाला हे कोण सांगणार?

विक्रेत्याला माहिती आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात चांगल्या मालाची पीछेहाट होते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून दाखवून दिले होते. आपल्या कायद्याने या बाजाराकडे लक्ष दिले नाही असे नाही. टायरवर भारतीय मानक चिन्ह असण्याची सक्ती करणारा आदेश २००९ मध्ये निघाला. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी असा नियमही आहे. परंतु मानक चिन्ह टायरच्या गुणवत्तेची ग्वाही देते. तो अमुक गाडीला योग्य आहे याची नव्हे. झिजलेला टायर केव्हा टाकावा हे नियम सांगतो. त्याच्या जागी कोणता घ्यावा हे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

उपाय खर्चिक नाहीत. एखाद्या गाडीचे उत्पादन थांबवताना तिच्या प्रत्येक प्रकाराचे मूळ माप आणि चालू शकणारे पर्याय उत्पादकाने प्रादेशिक भाषांतून प्रसिद्ध करावेत. दुकानदाराच्या बिलावर पूर्ण माप, भारांक आणि उत्पादनाचा आठवडा यांची नोंद असावी. यावर कोणी म्हणेल की, जुन्या गाड्या मोडीतच काढाव्यात. २०२१ मध्ये तसे धोरणही जाहीर झाले आहे. पण पंधरा वर्षांनंतर तपासणी करून खाजगी गाडीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करण्याची मुभा कायदाच देतो. जी गाडी रस्त्यावर राहू द्यायची, ती सुरक्षित ठेवण्याचे साधन मालकाच्या हाती देणे ओघानेच आले.

तोवर ग्राहकाने एवढे तरी करावे. चाकावर असलेल्या टायरचे माप प्रमाण मानू नये; आधीच्या मालकाने ते बदललेले असू शकते. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर अथवा माहितीपुस्तिकेत मूळ माप दिलेले असते. ते कागदावर उतरवून घ्यावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी. गाडी आणि रस्ता यांचा संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार जागी. त्या चार जागांचा निर्णय दुकानात काय शिल्लक आहे यावर सोपवणे, ही काटकसर नव्हे.