गती बेताची, वाट ८७ किलोमीटरची

जून महिन्यातल्या एका रविवारी लंडनच्या क्लॅपहम कॉमन मैदानापासून हजारो सायकली निघतात आणि ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर अंतर कापून ब्रायटनच्या समुद्रकिनारी पोहोचतात. ही फेरी १९७६ साली सुरू झाली. १९८० पासून ती ब्रिटिश हार्ट फाउंडेशनशी जोडली गेली आणि तिच्यातून हृदयरोग संशोधनासाठी निधी उभा राहू लागला. भाग घेणारे बरेच जण खेळाडू नसतात. कुणी कारकून असतो, कुणी शिक्षिका. कुणाचे वडील हृदयविकाराने गेलेले असतात. त्यांच्या नावाने आप्तेष्टांकडून देणगीचे वचन घेऊन ही माणसे सायकलवर बसतात.

चूक होते ती हिशेबात. ताशी २० किलोमीटर वेग धरला, तर ८७ किलोमीटरला साडेचार तासही लागत नाहीत. सकाळी ७ ला निघालो की साडेअकराला ब्रायटन, असे घरच्यांना सांगून माणूस मोकळा होतो.

खरा हिशेब सरावातून काढावा. समजा, रविवारच्या ३० किलोमीटरच्या सरावाला २ तास लागले. म्हणजे वेग ताशी १५. या वेगाने नुसते पायडल मारण्यातच पावणेसहा तासांहून अधिक वेळ जातो. दर २० किलोमीटरला पंधरा मिनिटे विश्रांती धरली, तर आणखी एक तास. गर्दी आणि चढ यांसाठी अर्धा तास राखून ठेवावा. एकूण सव्वासात ते साडेसात तास. तेव्हा किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांना अडीचची वेळ सांगावी. म्हणजे त्यांच्या जिवाला घोर लागत नाही.

चढाचा विचार मुद्दाम करायला हवा. डिचलिंग बीकन ही २४८ मीटर उंचीची टेकडी वाटेत येते ती अखेरच्या टप्प्यात, पाय थकल्यावर. चढ दीडेक किलोमीटरचाच, पण उभा. तिथे अनेक जण सायकल हातात धरून चालतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

सकाळी अंगात उत्साह असतो, शेजारून पुढे जाणाऱ्यांना गाठावेसे वाटते. पण वेग २० वरून २५ केला, की हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. सकाळी उधळलेली ही शक्ती दुपारी परत मिळत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकाच वेग ठेवावा. धाप लागून शब्द तुटू लागले, की वेग कमी करावा. तहान लागण्याआधी घोटभर पाणी प्यावे आणि भूक लागण्याआधी केळे किंवा बिस्किटे खावीत.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाटेत छातीत दुखले, किंवा कळ हातात वा जबड्यात गेली, तर लगेच उतरून मदत मागावी. हृदयरोग्यांसाठी निघालेल्याने स्वतःच्या हृदयाकडे दुर्लक्ष करू नये. देणगी देणाऱ्याने पैसे वेगासाठी दिलेले नसतात. साडेअकराला पोहोचणाऱ्याचा आणि अडीचला पोहोचणाऱ्याचा निधी एकाच पेटीत जमा होतो.