अर्ध्या तासाचा धबधबा

इटलीतला सगळ्यात उंच म्हणून ओळखला जाणारा धबधबा पाहायचा असेल तर आधी कॅलेंडर पाहावे लागते. उत्तरेकडे, बेर्गामो शहराच्या वरच्या डोंगरांत सेरिओ नदी तीन टप्प्यांत मिळून ३१५ मीटर खाली कोसळते. पण रोज नाही. जून ते ऑक्टोबर या काळात ठरवून दिलेले पाच दिवस, आणि त्या दिवशीही जेमतेम अर्धा तास. एरवी तिथे जाल तर कोरडा, उघडा कडा दिसेल आणि फार तर पाण्याची एखादी बारीक धार.

कारण साधे आहे. कड्याच्या वर बार्बेल्लीनो नावाचे धरण आहे, १९३१ साली पुरे झालेले. नदीचे पाणी तिथे अडते, नळांतून खाली वीजघरात जाते आणि दिवे पेटवते. धबधब्याच्या वाट्याला काही उरत नाही. मग वर्षातून पाच वेळा दार उघडतात, जणू घरच्या जुन्या माणसाला सणासुदीला बाहेर आणून बसवावे तसे. आपल्याकडे भंडारदऱ्याला विल्सन धरणातून पाणी सोडले की अंब्रेला फॉल दिसतो आणि लोक मुलाबाळांना घेऊन धावतात. जात तीच, फक्त डोंगर मोठे.

पाणी सोडायच्या दिवशी सकाळपासून पायथ्याच्या वालबोंदिओने गावातून माणसांची रांग वर निघते. आजी-आजोबा, पाठीवर बाळ बांधलेले बाप, शाळकरी पोरे. वाट जंगलातून चढत मास्लाना नावाच्या वस्तीकडे जाते. जुनी दगडी घरे, मोटारीचा रस्ता नाही, जे काही न्यायचे ते पायी. समोरच्या बाजूने धबधबा नीट दिसतो तिथे पोहोचायला गावापासून दीड तास धरावा. लहान मुले बरोबर असतील तर दोन. चढ दमवणारा आहे, पण अवघड नाही. उन्हाळ्यातली एक वेळ रात्रीची असते, कड्यावर दिव्यांचे झोत टाकून. गर्दी तिला जास्त. मला विचाराल तर दिवसाची वेळ बरी. अंधारात मुलांना घेऊन डोंगर उतरणे ही काही मौज नव्हे.

आधी भोंगा वाजतो. मग वरच्या कड्यावर एक पांढरी रेघ उमटते, पाहता पाहता रुंद होते आणि आवाज मागाहून येतो. अर्ध्या तासाने ती रेघ पुन्हा बारीक होत जाते आणि लोक डबे उघडतात.

तो भोंगा समारंभासाठी नसतो, ही गोष्ट घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवावी. धरणाखालचे कोरडे पात्र म्हणजे सतरंजी अंथरायला मोह पडावा अशी जागा: गुळगुळीत दगड, मधे डबकी, सावली. इटलीच्या डोंगरांत अशा नद्यांच्या काठी पाट्या लावलेल्या असतात की वर आभाळ निरभ्र असले तरी पाणी एकाएकी वाढू शकते. पाटीवर ‘पेरीकोलो’ म्हणजे धोका, एवढा एक शब्द मुलांना पाठ करून द्यावा. पावसाळ्यात आपल्याकडच्या धबधब्यांवर जे होते ते आपण दर वर्षी वाचतो. तिथे तर पावसाचीही गरज नाही.

वाटांची व्यवस्था मात्र हेवा वाटावा अशी. झाडावर, दगडावर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. ते दिसताहेत तोवर तुम्ही वाटेवर आहात. १८६३ साली स्थापन झालेल्या इटालियन गिर्यारोहण मंडळाने वाटांच्या प्रतीही ठरवल्या आहेत. ‘टी’ म्हणजे कुणालाही जमेल अशी, ‘ई’ म्हणजे चालायची सवय असलेल्यांसाठी, आणि ‘ई’ दोनदा लिहिलेले असेल तर कुटुंबकबिल्याने मागे फिरावे. अडचण आली तर ११२ हा नंबर.

खाण्याचे काय, हा प्रश्न आपल्या घरांत पहिला येतो, म्हणून सांगतो. डोंगरातल्या निवाऱ्यांना ‘रिफुजिओ’ म्हणतात. तिथे गरम जेवण मिळते. बेर्गामोकडचा मुख्य पदार्थ पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले, आपल्या उकडीच्या जवळ जाणारे प्रकरण. सोबत चीज किंवा मश्रूम मागावेत. स्पेक, पान्चेत्ता, प्रोश्शुत्तो हे तिन्ही शब्द डुकराच्या मांसाचे, आणि त्याचे तुकडे सॉसमध्ये, पास्त्याच्या सारणात, कुठेही निघतात. ‘सेन्त्सा माइआले’ म्हणजे डुकराचे मांस नको. वासराच्या जठरातल्या विरजणाने केलेले चीज ज्यांना चालत नाही त्यांनी घरून भाकरी-चटणी न्यावी हे उत्तम. तिथले लोकही पाठीवर डबा घेऊनच चढतात. नळावर ‘नॉन पोताबिले’ लिहिलेले असेल तर ते पाणी प्यायचे नाही.

याच डोंगरांत, शेजारच्या स्काल्वे खोऱ्यात, दुसरे एक धरण पाहायला लोक चालत जातात. ते मधोमध फुटलेले आहे. ग्लेनोचे धरण १९२३ च्या १ डिसेंबरला सकाळी कोसळले, पहिल्यांदा पूर्ण भरल्यानंतर काही आठवड्यांतच. खालची गावे वाहून गेली, साडेतीनशेहून जास्त माणसे मेली. बांधकामाच्या मधेच आराखडा बदलला होता आणि चुना-मसाला निकृष्ट होता. उरलेल्या कमानी अजून उभ्या आहेत, मधल्या खिंडारातून आभाळ दिसते, मागे छोटेसे तळे. सेरिओचा अर्धा तास पाहणाऱ्याने जमले तर हेही पाहावे. पाणी भोंगा वाजवून आले तर काय आणि न सांगता आले तर काय, हे पाटी न वाचता कळते.

पाणी डोंगरावरून सोडायचे तर खालच्यांना विचारावे लागते, हा वाद त्या देशाला नवा नाही. रोमच्या उत्तरेला तेर्नी शहराजवळ मार्मोरेचा धबधबा आहे, १६५ मीटरचा, तीन टप्प्यांचा. तिथे उभे राहिले की तोंडून ‘कुदरत!’ असेच निघते. पण तो माणसाने खोदलेला आहे. वर रिएतीच्या मैदानात वेलीनो नदीचे पाणी साचून दलदल झाली होती. इ.स.पू. २७१ मध्ये रोमन कॉन्सल कुरिउस देन्तातुस याने कालवा खणून ते पाणी कड्यावरून खालच्या नेरा नदीत लोटून दिले. रिएतीची जमीन सुकली, तेर्नीत पूर येऊ लागले. इ.स.पू. ५४ मध्ये भांडण रोमपर्यंत गेले; रिएतीचा वकील होता सिसेरो. पुढे इ.स. १५ मध्ये, रोममधल्या पुरांमुळे, हे पाणी अडवावे का अशी चर्चा सिनेटमध्ये निघाली, तेव्हा रिएतीकरांनी हरकत घेतली. इतिहासकार तासितुस लिहितो की नद्यांचे मार्ग निसर्गानेच ठरवले आहेत, ते बदलू नयेत, असा युक्तिवाद झाला. स्वतः खोदलेल्या कालव्याबद्दल! सिनेटने काहीच न बदलण्याचा निर्णय घेतला.

तेर्नीला दिलासा मिळाला तो फार उशिरा, १७८७ मध्ये. पोपने नेमलेल्या आन्द्रेआ विची या वास्तुकाराने कड्यावर तिरका चर खणून पाण्याची दिशा वळवली, म्हणजे ते नेराच्या प्रवाहावर सरळ आदळून त्याला अडवणार नाही. आज तेही पाणी एरवी वीजघराकडे जाते आणि वेळापत्रकाप्रमाणे सोडले जाते. भोंगा इथेही वाजतो. रोमहून रेल्वेने तेर्नीला साधारण तासाभरात पोहोचता येते, पुढे बस. तिकीट काढून आत गेल्यावर पहिल्या नंबरची वाट खालून वर, शेकडो पायऱ्यांनी जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी वरून सुरुवात करून खाली उतरावे, आणि रेनकोट पिशवीत नव्हे, अंगावर ठेवावा.