शीरखुर्म्याचे दूध आणि आमचा मन्नू

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी उरलेले दूध आम्ही मन्नूच्या वाटीत ओतले. मन्नू म्हणजे आमचा बोका. मांजर आणि दुधाची वाटी हे चित्र शाळेत आम्हीच मुलांना रंगवायला देतो, मग शंका येणार कुठून? रात्री त्याच्या पोटात गुडगुड सुरू झाली, पोट टम्म फुगले आणि वास असा सुटला की अम्मी दस्तरखानावरून उठल्या.

मग सल्ले आले. अम्मी म्हणाल्या, लेकरांना लावतो तसा बेंबीभोवती हिंग लावा. शेजारच्या आपांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी पुढे केली, “बिचाऱ्याचं दुखणं तरी थांबेल.” आम्ही गोळीचा चुरा करायला चमचाही घेतला होता. अल्लाहची मेहरबानी, त्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच. मांजराच्या यकृताला हे औषध हाताळता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. हिंगही नको, कारण अंगाला लावलेले मांजर चाटून पोटातच घालते.

दुधाचे गणित साधे आहे. पिल्लू असताना दुधातली साखर पचवणारा पाचकरस भरपूर असतो. अंगावरचे दूध सुटले की तो आटत जातो. न पचलेली साखर आतड्यात आंबते, त्याचाच गॅस आणि जुलाब. आपल्याकडे मांजर पाळले की दूध-भाकरी ठरलेलीच. पण मांजर मूळचे मांसाहारी. सालन, बिर्याणीचा भात हेही नकोच. कांदा-लसणाने त्याच्या लाल रक्तपेशी फुटतात.

मन्नूला दोन-तीन दिवस फक्त उकडलेले चिकन दिले. मीठ-मसाला नाही, हाडे काढलेली, थोडे थोडे चार वेळा. (कायम एवढ्यावरच ठेवू नये, त्यात सगळे पोषण नसते.) तो अधाशासारखा खातो आणि घासाबरोबर हवाही गिळतो, म्हणून वाटीऐवजी पसरट थाळी आली. दोन मांजरे असतील तर थाळ्या वेगळ्या ठेवा, नाहीतर चढाओढीने गिळतात. खाणे बदलायचे तर आठवडाभर जुन्यात नवे मिसळत बदला. जंताचे औषध मांजराचे वजन पाहून डॉक्टरच देतील, माणसांचे देऊ नका.

एक गोष्ट मात्र लिहिताना जड जाते. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा बोका सारखा मातीत बसून कुंथायचा. घरच्यांना वाटले गॅस, दोन दिवस ओव्याचे पाणी पाजले. त्याची लघवी अडली होती. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, खड्यांनी बंद पडते आणि एक-दोन दिवसांत बोका दगावतो. तो दगावला. बोका कुंथतो आणि लघवी होत नाही असे दिसले की सकाळची वाट पाहू नका. पोट कडक होऊन उलट्या होणे किंवा दिवसभर अन्न न घेणे, तेव्हाही डॉक्टर गाठा. जिंतुरात सोय झाली नाही तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पन्नास किलोमीटरच्या आत.

मन्नू आता बरा आहे. चिकन धुतले की अम्मी मसाला लावण्याआधी त्याचा तुकडा बाजूला काढतात, आणि वाटीत पाणी असते.