देह की लुगडे?

सौंदर्यशस्त्रक्रियेचा धंदा करणारे सांगतात की, आम्ही केवळ स्त्रीची इच्छा पुरवितो. आमचा सवाल असा की, ही इच्छा हजारोंच्या मनात एकाच वेळी कशी पालटते? १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी सिलिकोनचे पहिले स्तनरोपण झाले आणि पुष्ट वक्षाची हौस फैलावली. पुढे वारे फिरले. पोटाची चरबी शोषून ती नितंबांत भरण्याची ‘ब्राझिलियन’ शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली. ही चरबी मोठ्या शिरेत शिरली तर फुप्फुसात जाऊन प्राण घेते. ३,००० शस्त्रक्रियांमागे १ मृत्यू, इथवर हा धोका असल्याचा अंदाज २०१८ साली खुद्द शल्यविशारदांच्याच संस्थांनी जाहीर केला. २०२२ साली फ्लोरिडा राज्यात, एका शल्यविशारदाने दिवसाला अशा तीनच शस्त्रक्रिया कराव्यात, असा निर्बंध घालावा लागला! आता कृश देहाची टूम निघाली आहे, आणि भरलेले काढून घेण्यासाठी स्त्रिया त्याच दारी जात आहेत. घालण्याचे दाम, काढण्याचेही दाम! लुगड्याचा काठ जुना झाला तर लुगडे बदलता येते; देह बदलून मिळत नाही. दोष त्या स्त्रियांचा नव्हे. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने त्यांच्या इच्छेआड लपू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.