रनिंग कमी, म्हणून गाडी चांगली?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "रनिंग किती?" आकडा तीस हजारांच्या आत असला की त्याचा चेहरा खुलतो. मग विकणारा पुढचं सांगतो, "फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी, सोसायटीतनं बाहेरच निघत नव्हती." टर्बो पेट्रोल इंजिन आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सची वेगवान सेडान घेताना हा निकष सगळ्यात आधी बाजूला ठेवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कमी रनिंगचा आग्रह अगदी निराधार नाही. शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग, बुश किलोमीटरनुसार झिजतात आणि पुढे गाडी विकताना आकडा कामाला येतो, हे मान्य. पण या गाड्यांत लाखाच्या घरातला खर्च काढणारे भाग वेगळेच आहेत, आणि त्यांची झीज मीटरवर दिसत नाही.

डोंबिवलीचा नोकरदार आठवडाभर लोकलने जातो. गाडी निघते ती स्टेशनपर्यंत, शाळेपर्यंत, फार तर फडके रोडपर्यंत. दोन-तीन किलोमीटरच्या अशा फेरीत इंजिन ऑइल पुरतं तापतच नाही. थंड इंजिनातलं न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा त्यात उतरतो आणि तिथेच राहतो. शिवाय डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचत जाते. वर्षाला चारच हजार किलोमीटर झाले म्हणून मालकाने दोन वर्षं ऑइल बदललं नसेल, तर मीटर ते सांगणार नाही.

गिअरबॉक्सचं तर याहून वाईट. 2013 सालानंतरची, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय घ्या: 180 पीएस, 250 एनएम आणि सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी. 2022 मध्ये आलेल्या स्लाव्हिया 1.5 मध्येही त्याच जातीचा गिअरबॉक्स आहे. ड्राय क्लच ऑइलमध्ये बुडालेले नसतात, ते हवेवरच थंड होतात. संध्याकाळी कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी हातभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक वेळी क्लच अर्धवट पकडतो, घासतो, तापतो. तासाभरात मीटर जेमतेम पाच-सहा किलोमीटर पुढे गेलेला असतो. उलट, नाशिकला नियमित जाणाऱ्याची गाडी महामार्गावर वरच्या गिअरमध्ये तासन् तास क्लच न घासता चालते. वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली ऐंशी हजारांची अशी गाडी मी शीळफाट्यावर रुतत राहिलेल्या पंचवीस हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही आधी उचलेन. ऑक्टाव्हियाच्याच व्हीआरएस 230 चे क्लच ऑइलमधले, म्हणून ते जास्त सोसतात. पण ते ऑइल साठ हजारांवर बदलावं लागतं. बदलल्याचं बिल मागा.

पुराचं पाणीही मीटरवर उमटत नाही. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीने बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडवली, त्याच दिवसांत कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या सखल भागांत पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. गालिचा बदलता येतो, सीटही धुता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ असतो. आत गुंडाळलेल्या टोकाला मातकट रेघ दिसली, तर तिथवर पाणी चढलं होतं असंच धरा. मग सीटखालचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा बघा.

यावर काही जाणते म्हणतात, मीटर तर फिरवलेलाच असतो, आम्ही कानावर विश्वास ठेवतो. हेही मला पटत नाही. इंजिन आधीच तापवून ठेवलं की टायमिंग चेनची सुरुवातीची खडखड कानाला ऐकूच येत नाही. न कळवता जा, बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. आणि कानापेक्षा स्कॅनरवर भरवसा ठेवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत बिघाडाच्या नोंदीसोबत बहुधा त्या वेळचे किलोमीटरही साठवलेले असतात. डॅशबोर्डवर 38 हजार आणि गिअरबॉक्सच्या जुन्या नोंदीत 71 हजार दिसले, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंकही वाचा: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. "बाहेरच न निघालेल्या" 2018 च्या गाडीला 2021 चे टायर का लागले, हे विचारायलाच हवं.

रिमॅपचं, म्हणजे इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्याचं, थोडं वेगळं. तो ड्राय क्लच गिअरबॉक्स मुळात 250 एनएमपर्यंतच्याच ताकदीसाठी बनवलेला. इंजिनाची ताकद त्यापुढे वाढवली की भार क्लचवर येतो. विकण्याआधी मूळ प्रोग्रॅम परत टाकला जातो, झिजलेला क्लच मात्र तसाच राहतो.

तेव्हा तारखेवार लावलेली सर्व्हिसची बिलं आधी, आकडा नंतर. बिलात किलोमीटरपेक्षा दोन सर्व्हिसमधलं अंतर महिन्यांत मोजा. रविवारी सकाळी रिकाम्या घोडबंदर रोडवर चक्कर मारून देणाऱ्याला सांगा, संध्याकाळी सातला शीळफाट्यावर चालवून बघायची आहे. अर्धा तास रेंगाळल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के, थरथर किंवा डॅशबोर्डवर गिअरबॉक्सची सूचना येते का पाहा, आणि पार्किंगच्या चढावर ब्रेक सोडून गाडी अलगद पुढे सरकते का तेही. तो नको म्हणाला, तर टोकन देऊ नका.